मेंढा उरता कामा नये

ईयार महिना, दुसरा दिवस

अक्काने आज पुन्हा नवसाचा विषय काढला. वल्हांडण सण होऊन गेला, आता आठवड्यांचा सण येईल, मग मांडवांचा येईल. तीन सण उलटले आणि नवस फेडला नाही तर माझं काय काय होईल, ते तिने भाकऱ्या भाजता भाजता ऐकवलं. विधवा होऊन माझ्या घरी राहायला आल्यापासून तिला माझ्या पापांची माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे.

नवस केला होता हे खरं. सहा महिन्यांपूर्वी मिसरहून याफोला येताना जहाज फुटलं, तेव्हा तोंडात खारं पाणी जात असताना केला. अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो. मी मेंढा बोललो.

मेंढ्याचं मला काही नाही. अडचण पुढची आहे. उपकार मानायचे तर मेंढ्याबरोबर चाळीस भाकरी लागतात, तीस बेखमीर आणि दहा खमिराच्या. त्यातल्या चार याजकाला जातात. मेंढ्याचं ऊर आणि उजवी मांडीही त्यालाच, चरबी वेदीला. उरलेलं सगळं त्याच दिवशी, मध्यरात्रीच्या आत खाऊन संपवायचं. तुकडा जरी मागे राहिला तरी ते मांस विटाळतं, आणि उपकार मानायला गेलेला माणूस पाप घेऊन घरी येतो. आता छत्तीस भाकरी आणि एवढा मेंढा एकट्याने कोण खाणार? म्हणजे माणसं बोलवायची. नियम देवाचा आहे, म्हणून मी गप्प बसतो. पण मला माणसं खाताना बघवत नाहीत. त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारी चरबी, दातांत अडकलेले धागे, बोटं चाटण्याचा आवाज. मी सुगंधी तेलं बनवतो. माझं नाक हीच माझी भाकरी आहे, आणि त्या नाकाला यरुशलेमात एक दिवस सुख नाही. वारा मंदिराकडून आला की जळकी चरबी, पूर्वेकडून आला की कातडी कमावणाऱ्यांची कुंडं.

"आधी इद्दोला सांग," अक्का म्हणाली.

"त्याला कशाला?"

"तुला वाचवलं कोणी?"

"परमेश्वराने."

तिने भाकरी उलटली. तिचं गप्प बसणंही मला ऐकू येतं.

इद्दो कातडी कमावतो. त्या जहाजावर तो आणि त्याचा धाकटा भाऊ हारीम माझ्याच बाजूला बसले होते, म्हणून मी सबंध प्रवास नाकावर फडकं धरून काढला. वादळात इद्दोने शेळीची दोन अख्खी कातडी तोंडाने फुगवली आणि त्यातलं एक माझ्या छातीला बांधलं. दुसरं स्वतःच्या. हारीम खाली गठ्ठे सोडवायला गेला होता. त्या कातड्याला असा वास होता की लाटांपेक्षा त्यानेच मी जास्त ओकलो. याफोला किनाऱ्याला लागल्यावर पहिलं काम मी ते केलं, अंगावरच्या कपड्यांबरोबर ते जाळून टाकलं.

(हे मी चमेलीच्या तेलाच्या कृतीमागे लिहितो आहे. कागद वाया जाऊ नये म्हणून. आणि अक्काला वाचता येत नाही म्हणून.)

ईयार, तिसरा दिवस

माणसं गोळा करायला निघालो. आधी समोरचा झक्काय. तो तेलाचा घाणा चालवतो, बारा वर्षं मी त्याच्याकडून तेल घेतो, त्याला सोडून कुणाला बोलावणार?

"जेवायला? तुझ्याकडे?" झक्काय घाण्याचा दांडा धरून उभाच राहिला. "माझ्या मुलीच्या लग्नात तू नाकाला फडकं लावून बसला होतास, योएझेर."

"तुझ्या व्याह्यांनी लसूण खाल्ला होता."

"अरे, लसूण सगळ्यांनीच खाल्ला होता. नवरीनेसुद्धा."

त्याची बायको आतून हसली. मी तिथून निघालो. गल्लीच्या टोकाला जो सुतार राहतो त्याने सांगितलं, त्या दिवशी मला काम आहे. मी अजून दिवस सांगितलाच नव्हता.

मंदिराच्या पायऱ्यांवर रोज बसणारे भिकारी आहेत, ते हाक मारली की येतील. पण त्यांच्या तोंडाचा विचार केला आणि पाय मागे वळले. घरी आलो, दार लावलं, राळ जाळली.

संध्याकाळी झक्कायने मुलाकरवी निरोप पाठवला, मेंढा किती मोठा आहे?

ईयार, पाचवा दिवस

मेंढा घेतला. जनावर तपासणाऱ्याने त्याचा ओठ वर करून दात पाहिले, पापण्या उलटल्या, शेपटीखाली हात घातला, आणि तोच हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाला, निर्दोष आहे, घेऊन जा. त्या खांद्यावरचं वस्त्र मी धुवायला टाकलं आहे.

मेंढा अंगणात बांधला. अंगणात मी गुलाबाच्या पाकळ्या वाळत घातल्या होत्या, हे अक्का आणि मी दोघंही विसरलो. आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याने अर्धं पोतं फस्त केलं होतं, आणि राहिलेल्यावर लेंड्या टाकल्या होत्या. देवाला वाहायचं जनावर, मारताही येईना. त्याच्या लोकरीत ओशट, उबट असा काहीतरी वास आहे. तोंडाने श्वास घेतला तर त्याची चव लागते. अक्का त्याच्याशी बोलते. "खा रे राजा, खा. पाकळ्याच आहेत," असं ती म्हणत होती.

मी तिला म्हणालो, या सगळ्यात कृतज्ञता कुठे बसते मला सांग. रक्त, चरबी, शेण, वर चाळीस भाकरी. उपकार मानायचे तर एखादी कुपी सुगंधी तेल वेदीवर ओतावं, हात जोडावेत, घरी यावं. कसं स्वच्छ होईल.

"स्वच्छ होईल," अक्का म्हणाली. "आणि कुणाला कळणारही नाही."

मला यात टोमणा होता की नाही ते समजलं नाही.

ईयार, सहावा दिवस

अक्काच्या कटकटीला कंटाळून कातड्यांच्या वाड्यावर गेलो. शहराबाहेर, पूर्वेला. फडक्यावर गंधरसाचं तेल शिंपडून नेलं होतं. पन्नास पावलांवर ते हरलं. कुंडांत काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे, लिहीत नाही. माश्या एवढ्या की भिंत हलतेय असं वाटावं.

इद्दो एका ओंडक्यावर कातडं पसरून त्याची आतली बाजू खरवडत होता. पांढरट, बुळबुळीत पट्ट्या त्याच्या पायांवर पडत होत्या. त्याने पाय हलवले नाहीत.

"आलास," तो म्हणाला. तो मला 'तू' म्हणतो. समुद्रात बांधताना म्हणाला, तेव्हापासून. "छातीवरचा दोरीचा वण गेला का?"

"गेला."

"बरं झालं." त्याने खरवडणी पालथ्या हाताने पुसली. मनगटावर त्याला चार बारीक पांढरे वण आहेत, ओळीने. चुन्याने होत असतील. "ते कातडं आहे का रे तुझ्याकडे?"

"कुठलं?"

"बांधलेलं."

"जाळलं. वास येत होता."

त्याने मान हलवली आणि परत खरवडायला लागला. बराच वेळ नुसता तो खर्र खर्र आवाज. सहा महिन्यांनी येऊन माणूस समोर उभा आहे, आणि याला एका शेळीच्या कातड्याची पडली आहे! कातडीच्या धंद्यात माणसाचं मनही तसंच कमावलं जात असावं.

मी म्हटलं, "तूही वाचलास. तू उपकाराचं अर्पण केलंस का?"

"नाही."

"का?"

"जमलं नाही," तो म्हणाला. "दोनदा जनावर बघून आलो. मंदिरात उभं राहून काय काय म्हणायचं असतं, ते म्हणताना पुढं जाता येईना."

शब्द तर सोपे आहेत, लहान मुलांनाही पाठ असतात. मी तसं म्हणालोही. त्याने वर पाहिलं, मग हसल्यासारखं केलं. हारीमचं प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं होतं, ते त्यानेच पुरलं, असं अक्काने मला निघताना सांगितलं होतं. पण त्यालाही आता सहा महिने झाले. देवाने एका माणसाला पाण्यातून काढलं आणि त्या माणसाला एक मेंढा जड होतो, याचा मला तिथल्या वासाहूनही जास्त राग आला.

जेवायला बोलावलं नाही. वास एवढा होता की जास्त तोंड उघडणं शक्य नव्हतं. अक्काला सांगितलं, तो घरी नव्हता.

ईयार, आठवा दिवस

अक्का पहाटेपासून भाकऱ्या करते आहे. तेलातल्या, तेल चोपडलेल्या पातळ, गरम पाण्यात भिजवून भाजलेल्या, आणि खमिराच्या. घर खमिराच्या आंबूस वासाने भरलं आहे. झक्काय बायकोमुलं आणि सासूसकट येणार आहे. पाणी भरणाऱ्या दोन बायांना अक्काने सांगितलं आहे. एकूण दहा तोंडं, आम्ही दोघं धरून बारा. पुरणार नाहीत. म्हणजे मेंढा उरणार. उरला तर सगळं फुकट, आणि नवस तसाच मानेवर.

एक गोष्ट अक्काला सांगितलेली नाही. इथेही लिहिणार नव्हतो.

माझ्या छातीला गाठ मारून झाल्यावर इद्दो खाली जायला वळला होता. मी त्याचं मनगट धरलं. ते खरबरीत होतं, ओलं होतं, चुना आणि कुजक्या मांसाचा वास मारत होतं, तरी धरलं. त्याने दोनदा हिसका दिला. मी सोडलं नाही. तिसऱ्यांदा त्याने हिसका दिला नाही, आणि मग जहाज मधोमध फुटलं. घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतोच. यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे, मलाच कळत नाही.

ईयार, दहावा दिवस

काल दिवसभर लिहायला हात मोकळा नव्हता, आणि मोकळा झाला तेव्हा धुवूनही ओशटच होता.

सकाळी आंघोळ करून मेंढा घेऊन मंदिरात. पुढे तीन माणसं होती. याजक अनवाणी, घोट्यापर्यंत लाल, झोप न झाल्यासारखा. मला पाहून त्याने विचारलं, "कशातून सुटलास? समुद्र, वाळवंट, आजार की तुरुंग?"

"समुद्र."

"टेक हात. दोन्ही. सगळा भार टाक, नुसते ठेवू नकोस."

मेंढ्याच्या डोक्यावर दोन्ही हात टेकून भार टाकला. शिंगांच्या मध्ये त्याचं डोकं गरम होतं, आणि लोकरीखाली काहीतरी धडधडत होतं. गुलाबाच्या पाकळ्यांचा वास अजून त्याच्या तोंडाला येत होता. माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीचा वास. मी पाठ केलेले उपकाराचे शब्द घडाघड म्हटले, एकही चुकला नाही. मग सुरी. रक्त भांड्यात धरताना त्याचा जो आवाज होतो त्यासाठी चांगला शब्द नाही. याजकाने ऊर ओवाळलं, भाकऱ्या घेतल्या, चरबी वेदीवर गेली, धूर थेट माझ्या तोंडावर आला. ओकारी आली ती मी गिळली. तिथे ओकलो असतो तर अक्काने मला जिवंत ठेवलं नसतं.

वर कातडंही माझ्याच गळ्यात! या अर्पणाचं कातडं ज्याचं त्याला परत मिळतं. ओलं, जड, आतून निळसर. ते खांद्यावर टाकून सबंध उतार उतरलो. लोक बाजूला होत होते. मी इतरांपासून बाजूला होतो ते कसं दिसत असेल, ते मला पहिल्यांदाच कळलं.

दुपारी पंगत बसली. जे वाटलं होतं तेच झालं. झक्कायच्या सासूने मज्जेसाठी हाड एवढं ओढलं की तिच्या नाकाला रस लागला. मुलांनी चरबीचे हात माझ्या उशांना पुसले. मी एक पातळ भाकरी कोरडीच चघळत बसलो.

"सांग की आता," झक्काय म्हणाला. "उपकाराचं जेवण आहे, कसा वाचलास ते ऐकल्याशिवाय पचायचं नाही."

"परमेश्वराच्या हाताने वाचलो."

"त्या हाताला कातडीचा वास होता म्हणतात."

पाणी भरणाऱ्या बाया हसल्या. मी म्हटलं, तुम्ही खा. अक्का उठून बाहेर गेली.

ऊन उतरेपर्यंत सगळ्यांची पोटं भरली होती. मुलं सासूच्या मांडीवर पेंगत होती. ताटात एक अख्खा खांदा, मान, आणि तेरा भाकरी तशाच. मी झक्कायला आग्रह केला. त्याने पोटावर हात फिरवला आणि म्हणाला, "आता सुरी पोटात खुपसलीस तर मेंढाच बाहेर येईल." मी स्वतः एक तुकडा तोंडात घातला. थंड चरबी टाळूला चिकटली, आणि मी तो फडक्यात थुंकणार तोच आठवलं, हे टाकायचं मांस नाही. गिळला. डोळ्यांत पाणी आलं. वर्षानुवर्षं नाक मुरडून मी ही गल्ली रिकामी केली होती, आणि आता एक मेंढा संपवायला मला माणसं पुरत नव्हती. हे मी इथे सरळच लिहितो.

सूर्य मावळला तशी अक्का आत आली. मागे इद्दो. केस ओले नव्हते, पण विंचरलेले होते. अंगावर धुतलेलं वस्त्र.

"दुपारपासून दाराबाहेर बसलाय," अक्का म्हणाली.

त्याच्यासारखा माणूस मेलेल्या जनावरांना हात लावतो. त्याने आंघोळ केली तरी सूर्य मावळेपर्यंत त्याला हे मांस शिवता येत नाही. म्हणजे आंघोळ त्याने दुपारीच केली होती. बोलावणं नसताना.

तो ताटाशी बसला आणि खायला लागला. चवीने नाही. ओंडक्यावर काम करतो तसा, एका बाजूने, न थांबता. वास अर्थातच होता. तो आंघोळीने जाण्यातला नाही.

"आता सांग," अक्का मला म्हणाली.

"मघाशी सांगितलं."

"ह्याच्यासमोर सांग. हे मांस मुक्याने खात नाहीत."

मग मी सांगितलं. दोन कातडी फुगवली हे, एक मला बांधलं हे. "दुसरं तुझं होतं," मी इद्दोला म्हणालो, आणि म्हणताना मला पहिल्यांदा मोजता आलं. कातडी दोन होती. भाऊही दोन होते.

"माझं माझ्या अंगावर होतं," इद्दो खात खात म्हणाला. "तुझ्यावर होतं ते हारीमचं. शिवलेलंही त्यानंच. त्याची शिवण कधी गळायची नाही."

ते मी जाळलं होतं. वास येत होता म्हणून.

मला पुढे सांगायचं नव्हतं. पण ताटात मान उरलेली होती आणि तो तिच्याकडे हात करत होता, आणि त्याचं मनगट दिव्याच्या उजेडात आलं. "तू खाली निघाला होतास," मी म्हणालो. "मी तुझं मनगट धरलं. तुला जाऊ दिलं नाही."

झक्कायच्या हातातलं हाड तोंडाशी जाता जाता थांबलं.

"ठाऊक आहे," इद्दो म्हणाला. "मनगट माझंच होतं."

मी विचारलं, "सोडवून का नाही घेतलंस?"

त्याने घास पुरता चावून गिळला. "खाली पाणी भरलं होतं. वरून दिसत होतं मला." मग थोड्या वेळाने, "आता वाटतं, दिसत होतं. तेव्हाचं कोण सांगणार? ती मान इकडे सरकव. उरायला नको."

मी सरकवली. एकट्याला ते जाण्यासारखं नव्हतं, म्हणून मीही बसलो, त्याच्याच ताटात. झक्काय आपण होऊन परत पुढे सरकला, अक्काने भाकऱ्या मोडून दिल्या. कुणी चवीने खाल्लं नाही. शेवटची खमिराची भाकरी इद्दोने मोडली, अर्धी मला दिली. त्याच्या बोटांचा वास त्या अर्ध्या भाकरीला होता. ती मी खाल्ली. मध्यरात्रीला वेळ होता तेव्हाच ताट रिकामं झालं.

उपकाराचा शब्द मात्र मला त्याच्यापुढे एकही बोलता आला नाही. याजकापुढे सगळे आले होते.

जाताना इद्दोने कोपऱ्यातलं मेंढ्याचं कातडं पाहिलं. "मीठ नाही लावलंस. उन्हं चढली की सडेल."

"घेऊन जा तूच."

"मी नाही नेणार. मेंढा तुझा आहे. सकाळी तू घेऊन ये."

ईयार, अकरावा दिवस

काल लिहून झाल्यावर कातडं खांद्यावर टाकून गेलो. फडकं घरीच राहिलं. मुद्दाम ठेवलं असं म्हणवत नाही, दोन्ही हात गुंतलेले होते. गल्लीत झक्काय म्हणाला, "अरे, वारा पूर्वेचा झाला वाटतं." मी कातडं सावरून पुढे गेलो.

इद्दोने कातडं ओंडक्यावर पसरलं, आतली बाजू वर, आणि खरवडणी माझ्या हातात दिली. "अंगाकडे ओढत ये. मानेकडून खाली. जोर खांद्यातून, मनगटातून नको."

दुपारपर्यंत खरवडलं. पांढऱ्या पट्ट्या माझ्या पायांवर पडल्या, उन्हाने गरम झालेल्या होत्या, माश्या बसल्या. किळस तसूभरही कमी झाली नाही. ती कमी होईल अशी आशा मला वाटत होती, हे कबूल करतो. दोन ठिकाणी कातडं फाडलं. त्याने शिवणीला लागणारा दोरा बाजूला काढून ठेवला, याचं काय करायचं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

दोनदा भिंतीशी जाऊन ओकलो. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा इद्दोने पाण्याचं भांडं पुढे केलं.

"हारीमही पहिल्या दिवशी ओकला होता," तो म्हणाला.